रचनाची पहिली फेरी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी रचना गजभिये दर शनिवारी न्यू फॉरेस्टच्या जंगलात जायची. दोन वर्षं जुन्या गाईडांच्या मागे फिरून तिने तिथली झाडं, हरणं आणि दलदली अगदी पाठ केल्या होत्या. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी बारा जणांचा वॉक पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हाती आला. त्या बारांत नागपूरहून आलेले तिचे वडील, काशीनाथही होते. त्यांची सगळी नोकरी वनरक्षक म्हणून गेलेली.

"वाघ नाही, बिबट नाही. मग पाहाचं काय इथं?" त्यांनी गाडीतच विचारलं होतं.

ओकच्या झाडांखाली डुकरं फिरत होती. रचना थांबली. "ही गावकऱ्यांची आहेत. ओकची हिरवी फळं खाऊन घोडे आजारी पडतात, म्हणून ती फळं खायला डुकरं सोडतात. साडेनऊशे वर्षांपूर्वी राजानं हे जंगल स्वतःच्या शिकारीसाठी राखलं. पण गुरं चारायचा हक्क लोकांनी सोडला नाही. आजही तो त्यांच्याकडे आहे."

"आपल्याकडं तसल्या हक्काचा कागद मिळेपर्यंत माणसं म्हातारी झाली," काशीनाथ हळूच म्हणाले.

तेवढ्यात दरीपलीकडून हरणाचा घोगरा आवाज आला. ब्रॅकनेलहून आलेला परीक्षित कॅमेरा सरसावून वाट सोडून धावला.

"तिकडे नको, बॉग आहे, दलदल!" रचना ओरडली. पण समोरचं हिरवंगार शेवाळ त्याला जमीनच वाटलं. दोन पावलांत तो मांडीपर्यंत रुतला.

दोघे-तिघे मदतीला धावले, त्यांत सगळ्यांत पुढे काशीनाथ.

"कोणीही पुढे यायचं नाही! बाबा, तुम्हीसुद्धा नाही!"

काशीनाथ जागच्या जागी थांबले.

रचनाने घट्ट जमिनीवर पालथं पडून आपली सॅक परीक्षितकडे सरकवली. "हिच्यावर पाठ टेका. पाय जोरात ओढू नका. एकेक पाय हळूहळू हलवा, आत पाणी शिरू द्या. मी आहे इथे." आवाज असा, जणू हे रोजचंच काम. मग तिने सॅकमधून आधीच काढून ठेवलेला दोर टाकला. वीस मिनिटांनी परीक्षित कमरेपर्यंत काळा होऊन बाहेर आला.

"सॉरी हं," तो कुडकुडत म्हणाला. "माझ्यामुळे सगळ्यांना परत जावं लागणार."

रचनाने त्याला गरम चहा आणि स्वतःची जादा वॉटरप्रूफ पँट दिली. "चालवेल ना? मग जाऊया. वाट मला माहीत आहे."

अर्ध्या तासाने उतारावर हरणाचा नर दिसला. पसरट शिंगं उंचावून तो पुन्हा ओरडला. तेराही माणसं श्वास रोखून उभी राहिली, कोणी पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही.

परतताना काशीनाथ लेकीच्या बरोबरीने चालू लागले. "जंगलात मला आजवर कोणी अडवलं नव्हतं."

"राग आला?"

"राग कशाचा? मी तिथं गेलो असतो, तर दोघांना काढावं लागलं असतं तुले. बरं, पुढच्या शनिवारी जागा आहे का एक?"