काळ्या कोपऱ्यातलं हँडल

वैजनाथ हे लिहिणारच नव्हता. मोबाईलवर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. एक तर ही गोष्ट त्याच्या एकट्याची नाही, त्याच्या मित्राच्या, गोरक्षच्या आईची आहे, आणि ती आता नाही. दुसरं म्हणजे गावात ही गोष्ट सगळ्यांनी आधीच सांगून झाली होती. हसत हसत. पण हसत सांगितलेली गोष्ट तशीच सोडली तर पुढं तीच खरी होऊन बसते. म्हणून बसला लिहायला.

तर वैजनाथ पाथर्डी तालुक्यातला, कामाला सुप्याला, एमआयडीसीत. कंपनी मोटारींच्या दारांची हँडलं बनवते. त्यातली एक लाइन फक्त एकाच गाडीसाठी चालायची, तिच्या मागच्या दारासाठी. वैजनाथ लागला तेव्हापासून त्याच लाइनवर.

गाडीचं नाव घेत नाही. न घेताही कळेल. गुरुजींकडं ती, ग्रामसेवकाकडं ती, लग्नात फुलं लावून दारात उभी ती. बुटकी, गुबगुबीत, पाठीमागं कुणी सुरीनं कापल्यासारखी. वैजनाथला तिचं वेडच. शिक्षण बारावीत सुटलं, पुढं जे शिकला ते मोबाईलवर बघून. रूमवर पार्टनर पत्ते खेळायचे आणि हा कागदावर ह्या गाडीची एकेक मॉडेलं काढत बसायचा. पहिलं मॉडेल गोल गालाच्या पोरासारखं. दुसरं तेच पोर, जरा ताणून लांब झालेलं. तिसऱ्यात तोंड रुंद झालं, अंग हलकं झालं, डिकी वाढली. पण तोंडवळा तोच. घराण्यातली पोरं मोठी होतात तसं.

तिसऱ्या मॉडेलात आणखी एक गोष्ट झाली. मागच्या दाराचं हँडल दारावरून गेलं. वर, खिडकीच्या टोकाला जो काळा तुकडा असतो, त्यात नेऊन बसवलं. काळ्यात काळं. माहीत असल्याशिवाय हात तिकडं जातच नाही. वैजनाथची लाइन तेच हँडल बनवायची.

गावात तसली गाडी एकच, सूर्यभाननानांची. त्यांची पिठाची गिरणी, गाडी गिरणीपुढंच उभी असते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, टोळ्या ऊसतोडीवरून परत आल्या होत्या तेव्हा, दुपारच्या वक्ताला गोरक्षच्या आईच्या, कडूबाईच्या छातीत कळ आली. गोरक्षनं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत गिरणी गाठली. नाना लगेच स्टेरिंगवर बसले, गाडी चालू केली. गोरक्ष मागच्या दाराला आला तर दाराला काहीच नाही. सपाट पत्रा. आईच्या अंगाखालून बोटं काढून चाचपलं, काही लागेना. कडूबाई म्हणली, "आरं, ही दाराची बाजू न्हाई." पळत दुसऱ्या बाजूला गेला. तिकडंही तेच.

आता गोरक्ष आयुष्यभर बसला तो जीपमध्ये आणि उसाच्या ट्रॉलीत. आमच्याकडच्या जीपला मागून चढतात. तो मागं गेला. नानांनी नुकतंच पेंडीचं पोतं उतरवलं होतं, डिकी नीट लागलेली नव्हती. ओढली तशी उघडली. आणि त्यानं आईला आत ठेवायला घेतलं. अर्धी ठेवलीही. नाना आतून ओरडले, "आरं ती डिकी हाय! सामानाची जागा हाय ती!" मग ते उतरले, वळसा घालून आले, दार उघडून दिलं. पाथर्डी यायच्या आत कडूबाई गेली होती. डॉक्टर म्हणले, आधी आणली असती तरी अवघडच होतं. हे गोरक्षच्या कानात शिरलंच नाही.

तेव्हा कुणी हसलं नाही. तेरावा झाल्यावर हसले. भिमाजीतात्या चहाच्या टपरीवर म्हणले, "गोरख्यानं आयला डिकीत घातली हुती, पेंडीच्या पोत्यावानी." तोंडावर उपरणं धरून सगळे हसले. तात्या वाईट माणूस नाही, पण तोंड सुटलेलं. तिथून टोळीत नाव पडलं, डिकी. ए डिकी, मोळ्या उचल. ए डिकी, पानी आण. गोरक्ष गावात असला की गिरणीचा रस्ता सोडून ओढ्याकडून जायचा.

हे सगळं वैजनाथला ठाऊक होतं. मातीला आला होता, दहाव्याला आला होता, गोरक्षच्या शेजारी बसला होता. आणि ते हँडल आपण बनवतो हे त्यानं सांगितलं नव्हतं. गावाला एवढंच माहीत की वैज्या 'मोटारीच्या दाराचं कायतरी' करतो. कडूबाईच सांगत फिरायची ते, अभिमानानं. लहानपणी तिच्याच चुलीपुढं बसून जेवलेला तो.

ह्या भादव्यात पूजाचा, गोरक्षच्या बायकोचा फोन आला.

"भाऊजी, एकदा येऊन जावा. हे म्हनत्यात, दसरा झाला की टोळीसंगं जायचं ते परत यायचंच न्हाई. तिकडंच कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी टाकून ऱ्हायचं. मला आठवा लागलाय."

"मग वहिनी, तुमी थांबा ना घरी. बाळंतपण हुऊ द्या."

"तेच म्हनलं. तर म्हनत्यात, माझं पोर ह्या गावात जन्मलं तर त्याला डिकीचं पोर म्हनतील." मग ती म्हणली, "कोपीत बाळंत झालेल्या बाया मी बघितल्यात भाऊजी. मला भ्या वाटतं."

त्याच आठवड्यात कंपनीत सांगितलं, लाइन बंद होतेय. चौथं मॉडेल आलं, त्यात हँडल परत खाली दारावर गेलं. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना, वैजनाथसकट, ब्रेक; परत बोलावतील तोवर घरी. वैजनाथनं चहाच्या सुट्टीत क्वालिटीच्या साहेबांना विचारलं, "सर, मग वर कशाला नेलं होतं?"

साहेब बिस्कीट बुडवत म्हणले, "लूकसाठी रे. हँडल लपलं की चार दारांची गाडी दोन दारांची वाटते. स्पोर्टी दिसते."

वैजनाथला त्या दिवशी चहा गेला नाही. बाहेर पडताना भंगाराच्या क्रेटमधला एक पीस त्यानं मागून घेतला. सुपरवायझर म्हणला, "ने की. देव्हाऱ्यात ठेवतो का काय?"

नगरला बस बदलली, करंजीचा घाट उतरला, पाथर्डीहून जीप. मागून चढला आणि गुडघ्यात मान घालून बसला. ह्याला सांगायचं, तर मीच बनवतो हे सांगावं लागणार. ते ऐकून तो उठून गेला तर मित्र गेला. नाही सांगायचं, तर तो स्वतःलाच खात गाव सोडणार, आणि पूजा उघड्या माळावर बाळंत होणार.

फाट्यावर उतरला तर टपरीवर भिमाजीतात्या.

"काय साहेब, डिकीवाल्याकडं का?"

वैजनाथ काही न बोलता पुढं गेला. तेव्हा बोलायला पाहिजे होतं, असं त्याला नंतर वाटलं.

गोरक्ष ओसरीवर दगडावर कोयत्याला धार लावत होता. पूजानं पाणी दिलं आणि दारात टेकून उभी राहिली. वैजनाथनं पिशवीतून हँडल काढून गोरक्षपुढं ठेवलं.

"काय हाय हे?"

"वळख."

"प्लॅस्टिकचं कायतरी. मला काय कळतंय."

"नानांच्या गाडीच्या मागच्या दाराचं हँडल हाय. हे मी बनवतो, गोरख्या. पयल्यापासून हेच बनवतो."

कोयता दगडावर थांबला.

"आन आज सांगतो?"

"भ्यालो."

"दहाव्याला माझ्याशेजारी बसला हुता तू."

"व्हय."

"वर्षभर मला वाटतंय, दार तर साऱ्या जगाला दिसतं, मलाच कसं दिसलं न्हाई. आपुनच अडानी. आपुनच आयला..."

"तुला दिसलं न्हाई कारन ते दिसू नये म्हनूनच तिथं बसवलंय. माझ्या कंपनीतली नवी पोरं सुद्धा दोन दोन बारी चाचपत्यात."

"का पन? दाराचं हँडल दिसू नये, ते का?"

हा प्रश्न येणार हे वैजनाथला घाट उतरल्यापासून माहीत होतं.

"दोन दाराची वाटावी म्हनून. तशी झोकात दिसती."

गोरक्ष त्याच्याकडं बघत राहिला. "म्हंजी दिसायला."

"दिसायला."

"एवढंच?"

"एवढंच. आन आता नव्या मॉडेलात परत खाली आनलंय."

"का आनलं?"

"ते मला कुनी सांगत न्हाई रे. मी नुसता लाइनवरचा गडी."

गोरक्षनं हँडल उचललं. आत बोटं घालून बघितली. उसाच्या पाचटानं चिरलेली, जाड झालेली बोटं. फटीत नीट बसेनात. त्यानं ते अंगणात भिरकावलं, कोंबड्या उडाल्या. आणि ताडकन उठून चालायला लागला.

"आवो, कोयता ठेवा! कोयता हाय हातात!" पूजा ओरडली.

त्यानं हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच हात. कोयता तिथंच टाकला आणि गिरणीच्या रस्त्यानं निघाला. वर्षभर न चाललेल्या रस्त्यानं. वैजनाथ मागं पळाला. आता हा गाडीच्या काचा फोडणार, एवढंच त्याच्या डोक्यात.

टपरीवरून तात्या ओरडले, "आज डिकी हिकडून कशी?" आणि दळणाचा डबा घेऊन तेही मागं आले. गंमत बघायला.

गाडी गिरणीपुढं उभी होती. गोरक्ष तरातरा मागच्या दारापाशी गेला आणि थबकला.

काळ्या कोपऱ्यात, हँडलला लागून, लाल रेडियमची पट्टी चिकटवलेली होती. उसाच्या ट्रॉलीला मागं लावतात तसली, बोटभर रुंद. कडा उन्हानं उचलल्या होत्या. गोरक्षनं वळसा घालून दुसरी बाजू बघितली. तिकडंही.

गिरणी बंद झाली. सूर्यभाननाना बाहेर आले, भुवयांवर पीठ.

"कवा लावली ही?" गोरक्षनं विचारलं.

"तुझी आय गेली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी. पाथर्डीस्नं आनली." नानांनी उगाच हात झटकले. "मी उतरायला पायजे हुतो, गोरक्ष. गाडी चालू करून आतनं वरडत बसलो. वरडून दार उघडतं व्हय? तुझे दोनी हात गुतलेले हुते, माझे तर मोकळे हुते. ती बाई माझ्याकडं दळान आनायची..."

"कधी बोलला न्हाई तुमी."

"बोलनार कधी? तू हा रस्ताच सोडला. मी ओढ्यापर्यंत आलो हुतो एकदा. तू लांबून बघितलं आन वळला."

गोरक्षनं लाल पट्टीवर हात ठेवला, बोटं आत सरकवली, ओढलं. दार उघडलं. सहज उघडलं, त्यात काही अवघड नव्हतंच. तो आत बसला, जिथं आई होती तिथं, आणि दार लावून घेतलं. त्या मागच्या खिडकीतून माणूस पुरता दिसत नाही. खांदे हलताना दिसत होते तेवढंच.

तात्या डबा धरून पट्टीकडं बघत होते. "हे त्या दिशी असतं तर..." ते म्हणले. नाना म्हणले, "तात्या, दळान ठिवा आन घरी जावा. आन ते नाव आता बंद." तात्यांनी डबा ठेवला. मान खाली घालून गेले.

ऊन कलल्यावर गोरक्ष बाहेर आला. तोंड हातानंच पुसलं. दोघं घराकडं चालले.

"तुझ्यावरचा राग गेला न्हाई माझा," गोरक्ष म्हणला.

"नको जाऊ देऊ."

"मुकादमाला सांगतो. बाळंतपन झाल्यावर येतो म्हनून. शिव्या देईल."

"देऊ दे."

घर दिसायला लागलं. पूजा बांधावर येऊन उभी होती, एक हात कमरेवर. तिला बघून गोरक्ष थांबला. आवाज खाली आला त्याचा.

"वैज्या, आता शांतपनी उघडलं रे. पन तिला दुखाया लागलं, तिला अशी हातावर घेतली, आन लोकं वरडाया लागली, की माझी बोटं परत आंधळी हुतील. मला म्हाईत हाय. पट्टी असली तरी हुतील."

होणार नाहीत, असं वैजनाथला म्हणता आलं असतं. ते खोटं झालं असतं.

"मला ब्रेक हाय," तो म्हणला. "आज सुप्याला जातो, रूमवरचं सामान उचलतो, परवा हितं. पोर हुईस्तवर गाव सोडत न्हाई. झोपायला सुद्धा तुमच्याच ओसरीवर. तू वहिनीला धर. दोनी हातानं धर, आन दाराकडं बघू सुद्धा नको."

"आन?"

"दार मी उघडीन, गोरख्या. कडूमावशीची शपथ घेऊन सांगतो, मी उघडीन."