पहिली पट्टी

पट्ट्या दहा होत्या, आज आठच उरल्या होत्या.

टाचणीकाकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा मोजल्या. आठच. नोटिशीच्या खालच्या कडेला उभ्या कातरलेल्या त्या पट्ट्या, प्रत्येकीवर कार्यालयाच्या खोलीचा क्रमांक आणि फोन. ज्याला गरज असेल त्याने एक फाडावी आणि खिशात घालावी, एवढा साधा मामला. नोटीस लावून पंधरा दिवस झाले होते. कालपर्यंत तिची एकच पट्टी गेली होती, आणि ती कोणी नेली हे काकांना पक्के ठाऊक होते. त्यांनी स्वतःच नेली होती.

हे त्यांचे गुपित होते. विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयात शिपाई म्हणून लागल्यापासून सव्वीस वर्षे फलक त्यांच्याकडे होता, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. पहिली पट्टी कोणी फाडत नाही. मुले येतात, वाचतात, पट्ट्यांची अखंड झालर पाहतात आणि निघून जातात. पहिल्या माणसाला वाटते, आपणच कसे पुढे व्हायचे, कोणी पाहिले तर हसेल. म्हणून काका नोटीस लावत, चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचत, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून एक पट्टी ओढून घेत आणि खोकत खोकत निघून जात. मग दुसरी जाई, तिसरी जाई.

हे ते कोणत्या पुस्तकात शिकले नव्हते. तरुणपणी ते अशाच एका फलकापुढे तीन दिवस उभे राहिले होते. ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण होते, जागा दोन होत्या. झालर अखंड होती. चौथ्या दिवशी धीर करून गेले, तर नोटीस उतरली होती.

सत्र संपत आले की फलकावर तिळाएवढी जागा उरत नसे. मधोमध परीक्षेचे वेळापत्रक आणि बैठक क्रमांक, त्याभोवती वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या करण्याची तारीख, ग्रंथालयाची पुस्तके परत करा, फेरपरीक्षेचे अर्ज, पदवीदानासाठी नावनोंदणी. आणि या सगळ्या दटावण्यांच्या कडेने संधी. सुट्टीतले भाषावर्ग, निबंधस्पर्धा, कुठे शिष्यवृत्ती, कुठे प्रशिक्षण. मुले येत, गर्दीतून मान घालून आपला बैठक क्रमांक शोधत आणि पळत. कडेला काय आहे हे बघायला कोणाला फुरसत?

ही आठ पट्ट्यांची नोटीस अशीच कडेची. पाण्याची तपासणी करणारी एक मोठी प्रयोगशाळा दर सुट्टीत रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी सहा आठवडे शिकायला घेत असे. राहायची सोय त्यांची, आणि काम पसंत पडले तर पदवीनंतर तिथेच जागा. गेल्या वर्षी एकही अर्ज गेला नाही. यंदा त्यांनी कळवले होते की या खेपेलाही कोणी आले नाही, तर पुढच्या वर्षीपासून ही जागा दुसऱ्या विद्यापीठाला देऊ. मुदत आज, संध्याकाळी पाचपर्यंत.

काका कार्यालयात गेले. मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य कारकून, नोंदवहीत फूटपट्टी धरून रेघ मारत होत्या. बाईंचा दरारा असा की खिडकीबाहेर बडबडणारी मुले त्यांच्या खोकल्याने गप्प होत. काकांनी विचारले, प्रयोगशाळेचा अर्ज आला का. बाई म्हणाल्या, नाही. काकांनी अडखळत सांगितले की एक पट्टी मात्र गेली आहे, कालच गेली असावी, म्हणजे कोणाला तरी यायचे आहे.

"पट्टी म्हणजे अर्ज नव्हे, काका," बाई वर न पाहता म्हणाल्या.

काकांनी विचारले, शोधून पाहिले तर? बाईंनी रेघ पुरी केली. म्हणाल्या, लावायचे काम आपले, वाचायचे काम त्यांचे. बाराशे पोरांमधून एक पट्टी शोधणार? शोधा बापडे, पडलेली टाचणी शोधायची सवयच आहे तुम्हाला. काका ओशाळून वळले, तोच मागून बाईंचा आवाज आला.

"जाताच आहात तर कोरा अर्ज घेऊन जा. नंतर धापा टाकत परत याल."

अर्ज नीट घडी करून काकांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा फलकाकडे आले. दुसरी पट्टी फाडली होती तिथली कड त्यांनी जवळून पाहिली. मुले ओढून फाडतात, वर त्रिकोणी तुकडा उरतो. ही मात्र अगदी सरळ फाडलेली, सुताने आखल्यासारखी. फाडणारा माणूस टापटिपीचा. रसायनशास्त्राचा. आणि लाजरा, कारण पंधरा दिवस घेतले.

काकांच्या डोळ्यांपुढे एकच मुलगी आली. तिचे नाव त्यांना माहीत नव्हते. मनातल्या मनात ते तिला भिंतीकडची म्हणत, कारण ती नेहमी व्हरांड्याच्या भिंतीला धरून चाले, जणू मधला रस्ता दुसऱ्या कोणाचा असावा. सगळे वर्गात असताना ती फलकापाशी येई, वरपासून खालपर्यंत प्रत्येक नोटीस वाची, खाली पडलेली टाचणी दिसली तर उचलून कडेला खोची. हातात कव्हर घातलेली प्रयोगांची वही. या पंधरवड्यात तिला या नोटिशीपुढे काकांनी चारदा पाहिले होते. बोलले एकदाही नव्हते.

बोलणे हेच तर काकांचे दुखणे. डबा भरून देताना आजच सकाळी बायको म्हणाली होती, "तुम्हाला काय सांगायचं असलं की ते तुम्ही भिंतीला टोचून येता. एकदा माणसाला सांगून बघा." रागाने नाही, सवयीने. काका हसले होते. आता जेवताना ते वाक्य घासागणिक आठवत राहिले.

वेळापत्रक त्यांनीच लावले होते, तेव्हा शोध सोपा होता. रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर आज, खोली बारा, साडेचारला सुटणार. सव्वाचारलाच ते खोली बाराच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. कोणीतरी विचारले, काका, इकडे काय? त्यांनी भिंतीकडे पाहिले, जणू तिथे काही टोचायचे आहे. मनात आले, परत जावे. नसेल ती. असली तरी आपण कोण सांगणारे? खिशातला अर्ज हाताला लागला, आणि ते तसेच उभे राहिले.

घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर आला, कोणी उड्या मारत, कोणी उत्तरे पडताळत. सगळ्यात शेवटी, भिंतीला धरून, ती आली. काका पुढे झाले. अगं म्हणावे की अहो?

"अहो... अगं... थांब जरा," ते म्हणाले. "ती पट्टी तू नेलीस ना? पाण्याच्या प्रयोगशाळेची?"

मुलगी चोरी पकडल्यासारखी दचकली. "नाही काका. मी नाही फाडली."

इतका धीर गोळा केला तो भलत्याच माणसासाठी. पण तिने वही उघडली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सगळी नोटीस उतरवलेली होती, मुदतीसकट. पट्टी फाडली की नोटीस विद्रूप होते, ती म्हणाली, म्हणून लिहून घेतले.

"मग अर्ज?"

"माझ्याहून हुशार कितीतरी आहेत. त्यांनी केला असेल."

"कोणीच केला नाही."

तिने वही मिटली. "कोणीच नाही? मग त्यात काहीतरी खोट असेल."

काकांना हसू आले, आणि हसण्यासोबत त्यांची भीती कुठच्या कुठे गेली. "हुशारांना वाटतं दुसऱ्या हुशारानं केला असेल. बाकीच्यांना वाटतं हे हुशारांचं काम. अशीच गेल्या वर्षी जागा रिकामी गेली. यंदा गेली तर कायमची जाते. पाचला खिडकी बंद होते. मी अर्ज आणलाय."

मुलीने अर्जाकडे पाहिले, घेतला नाही. मग हळूहळू, जिना उतरता उतरता, तिने सांगितले. उद्या सकाळच्या गाडीने ती घरी जाणार होती. मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात सुट्टीभर मदतीला बसायचे ठरले होते, आणि घरात असेही बोलणे चालले होते की दोन वर्षे शिकली तेवढे पुरे, हात चांगला आहे, दुकानातच राहील. वाईट कोणीच नव्हते. फक्त तिच्या बाजूने दाखवायला कागद एकही नव्हता.

"हा घे कागद," काका म्हणाले.

पायरीवर बसून तिने अर्ज भरला. वीस मिनिटे उरली होती. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबले. प्राध्यापकाची शिफारस आणि सही.

"सर मला ओळखत नाहीत," ती म्हणाली. "मी वर्गात कधी बोललेच नाही."

"मी पण नाही बोललो कधी त्यांच्याशी. चल."

रसायनशास्त्राचे सर प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावत होते. घाईत होते, कपाळाला आठ्या होत्या. काकांनी एका दमात सगळे सांगून टाकले. इतकी लांब वाक्ये ते आयुष्यात एकदम बोलले नव्हते. सरांनी मुलीकडे पाहिले आणि मान हलवली. म्हणाले, चेहरा ओळखीचा वाटत नाही, न ओळखता शिफारस कशी करू? मुलगी मागे सरकली, भिंतीपर्यंत. काका मात्र सरकले नाहीत.

"सर, तिची वही बघा," ते म्हणाले. "नुसती बघा."

सरांनी नाइलाजाने वही घेतली, दोन पाने उलटली. मग थांबले. पुन्हा मागे गेले.

"प्रत्येक मोजमाप तीन-तीनदा घेणारी ती तूच का?" त्यांनी विचारले. "तपासताना मी दर वेळी म्हणतो, ही कोण एवढी चिकाटीची?"

मुलगी म्हणाली, "पहिल्या मोजण्यावर माझा विश्वास बसत नाही, सर."

"पाण्याच्या तपासणीत असाच माणूस लागतो," सर म्हणाले आणि पेन काढले. रकाना भरून कडेनेही लिहिले.

पाचला चार मिनिटे कमी असताना दोघे खिडकीपाशी पोचले. मोठ्या बाईंनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला, घड्याळाकडे पाहिले, वेळ नोंदवली, खाली फूटपट्टी धरून रेघ मारली. मुलीला म्हणाल्या, एकटाच अर्ज आहे, जागाही एकच. तयारी करून ठेव, घरी दाखवायला उद्या सकाळी पत्र घेऊन जा. मुलीने काकांकडे पाहून नुसती मान लववली आणि ती गेली.

शिक्का काढायला बाईंनी खण ओढला. काका समोरच उभे होते. शिक्क्याशेजारी रबराने बांधलेली कागदी पट्ट्यांची जुडी होती. निबंधस्पर्धेची, भाषावर्गाची, शिष्यवृत्तीची. सगळ्यात वर पाण्याच्या प्रयोगशाळेची. साऱ्यांच्या वरच्या कडा अगदी सरळ, फूटपट्टी धरून फाडलेल्या.

काका बघतच राहिले. बाईंनी शिक्का उठवला, खण शांतपणे लोटला.

"एक फाटलेली बघून पोरांना वाटतं, वाऱ्यानं गेली," त्या म्हणाल्या. "दोन गेल्या की वाटतं, रांग लागली. तुमच्या एकट्याच्या पट्टीनं भागत नव्हतं, काका."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही फार मोठ्यानं खोकता," बाई म्हणाल्या आणि लिफाफा पुढे केला. "आजच्या टपालात गेला पाहिजे."

काकांनी लिफाफा स्वतः टपालपेटीत टाकला, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच घरी गेले. बायकोने विचारले, आज उशीर? ते म्हणाले, एका माणसाला काही सांगायचे होते. तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले, मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी फलक मोकळा करायचा होता. सत्र संपले की हा त्यांचा नेम. वेळापत्रक उतरले, बैठक क्रमांक उतरले, वसतिगृहाची तारीख उतरली. टाचण्या डबीत गेल्या, कागद टोपलीत. मुदत संपलेली नोटीस म्हणजे रद्दी, त्यात हळहळण्यासारखे काही नसते.

प्रयोगशाळेच्या नोटिशीच्या वरच्या दोन टाचण्या त्यांनी काढल्या, आणि सवयीने खाली नजर टाकली.

सात.

त्यांनी पुन्हा मोजल्या, आणि मग तिसऱ्यांदाही. सातच. एक त्यांची, एक बाईंची, आणि ही तिसरी. अर्ज देऊन झाल्यावर, काही गरज उरली नसताना, कोणीतरी भिंत सोडून मधे येऊन ती ओढून नेली होती. वाकडीतिकडी फाटली होती. वर त्रिकोणी तुकडा तसाच लोंबत होता.

काकांनी ती नोटीस टोपलीत टाकली नाही. फलक सगळा रिकामा केला, हिरवे कापड फडक्याने पुसले, आणि मधोमध, वेळापत्रकाच्या जागी, चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचून ती एकटीच पुन्हा लावली.