एकशे अठ्ठावीसच्या पलीकडे पांढरं

“सगळ्या फोटोंना एकच आकडा लावू नकोस, फसशील,” असं ऑफिसातल्या सिनियर बाईंनी बजावलं होतं. तिनं ते कानाआड केलं आणि आज सुट्टी काढून बाराही फोटोंना एकशे अठ्ठावीसच लावला. फोटोतल्या ठिपक्याचा उजेड, शून्य ते दोनशे पंचावन्नच्या मापात, त्याहून जास्त असेल तर तो पांढरा, नाहीतर काळा. मधलं राखाडी काही नाही. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला भिंतीवर ओळीनं बारा महिन्यांच्या काळ्या आकृत्या लावायच्या होत्या.

प्रोग्रॅम चालला. पडद्यावर बारा वेळा माऊ उमटली. लेक कुठेच नव्हती. तिची फिकट झबली पांढऱ्या भिंतीत विरून गेली होती.

माऊ म्हणजे लेकीला सांभाळणारी बाई. दर महिन्याला मोबाइल फळीवर टेकवून, त्याच खुर्चीवर लेकीला मांडीवर घेऊन तीच फोटो काढायची आणि लेकीच्या आईला ऑफिसात पाठवायची. आकृत्या झाल्या की माऊला तेवढं खोडून टाकायचं, असा बेत होता.

“ताई, बघा तरी! टाळ्या वाजवतेय!” आतून माऊची हाक आली.

“बघते नंतर.”

पहिली टाळीसुद्धा हिच्याच पुढ्यात! तिनं कळ जरा जोरातच दाबली.

मग निमूटपणे प्रत्येक फोटोला वेगळा आकडा दिला. एकशे नव्वद. दोनशे दहा. लेक वर आली, पण माऊला चिकटूनच. दोघींची मिळून एक आकृती. कुठून खोडायचं तेच कळेना. तिनं बारा चित्रं शेजारी शेजारी मांडली.

लेक वाढत होती. पहिल्या चित्रात माऊच्या खांद्यांआड खुर्ची दिसत नव्हती. बाराव्यात दोन्ही बाजूंना खुर्चीचे गज मोकळे होते. माऊचं मनगट काडीसारखं. रंगीत फोटोत नजर तिच्या कपड्यांवरच्या फुलांवरच जायची. हल्ली संध्याकाळी माऊच्या वाट्याची पोळी तशीच उरलेली असायची, तेही आत्ता आठवलं.

परवाच तिनं टोमणा मारला होता, “काय माऊ, झोकात! कशा झालात एवढ्या बारीक?”

“तुमची लेक पळवते ना!” माऊ हसली होती. त्या हसण्यावरही ती जळली होती. तिचं स्वतःचं बाळंतपणाचं पोट अजून तसंच होतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. माऊ लेकीला भरवत होती.

“माऊ, तुम्ही जेवलात?”

“अगंबाई, आज काय विशेष? हिचं होऊ द्या आधी.”

“आणि मग जाईल घास?”

चमचा हवेतच थांबला. लेकीनं आ वासला. माऊनं आधी तिला भरवलं, मग मान खाली घातली.

“दोन महिने झाले, ताई. गिळवतच नाही. म्हटलं, हिचा वाढदिवस होऊ दे, मग बघू.”

तिनं माऊच्या हातून चमचा घेतला. लेक तोंड फिरवून माऊकडे झेपावली.

“घ्या तिला,” ती म्हणाली. “तिघीही जाऊ डॉक्टरांकडे. आत्ता.”

तुमचं मूल कुणाच्या मांडीवर वाढत असेल, तर आज तिला समोर बसवून वाढा. आणि उठू नका. घास खाली उतरतो का, ते बघा.