वगळलेलं पहिलं मिनिट

“यांचं जरा ऐकत जा हं, पोरी. घरी जे सांगत नाहीत ना, ते सगळं त्या डबीला सांगतात.”

काकूंनी हे सांगितलं तेव्हा ती हसण्यावारी नेऊन मोकळी झाली होती. तिच्या ऑफिसातले काका रानातल्या झाडांना पाखरांचे, बेडकांचे आवाज टिपणाऱ्या डब्या बांधत. बॅटरी बदलायची, कार्ड काढायचं, डबी पुन्हा चालू करायची आणि तिच्याशी चार गप्पा मारूनच पुढच्या झाडाकडे निघायचं, ही त्यांची खोड. कार्डांवरचे आवाज मग तिच्याकडे येत. बाळाला मांडीवर थोपटत, हेडफोन लावून, घुबड कुठलं, बेडूक कुठला हे ती ओळखत बसे. बाळाचा श्वास जरा घरघरला की आधी तिकडे कान. घरचे म्हणत, “हिला काळजी करायला कारण लागत नाही.” काकांच्या बडबडीने मात्र काम अडे. म्हणून प्रत्येक फाइलचं पहिलं मिनिट आपोआप वगळलं जाईल, अशी सोय तिनेच करून ठेवली होती.

त्या सकाळी बाळाने कीबोर्डवर हात आपटला आणि काकांच्या गेल्या फेरीची फाइल अगदी सुरुवातीपासून वाजू लागली.

“चालू केलंय बरं का. आज काही जमत नाही बघ. जरा टेकतो.” मग नुसता श्वास. ओढलेला, तुटक. मागे एक पक्षी निवांत शीळ घालत होता. तो कुठला, हे तिच्या मनातही आलं नाही.

तिने दुसरी फाइल उघडली. “छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय. घरी बोलू नकोस हं, ती घर डोक्यावर घेईल.”

काकांचा फोन लागेना. तिने ऑफिसात साहेबांना गाठलं.

“काका? अहो, त्यांच्यापुढे डोंगर दमतो! आज वरच्या टेकडीला गेलेत.”

“मग कुणाला तरी पाठवा. आत्ता.”

“मॅडम, बाळ झाल्यापासून तुम्ही जरा जास्तच...”

“हो, आहे मी घाबरट. हे ऐका.” तिने हेडफोनची वायर उपटली आणि तो श्वास फोनवर ऐकवला.

पलीकडची थट्टा विरली. “गाडी काढतो,” साहेब म्हणाले.

काका चढावर एका झाडाला टेकून बसलेले सापडले, घामाने निथळत. “डबी बांधायची राहिलीय,” एवढंच म्हणत होते. हृदयाचंच दुखणं निघालं. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले.

पुढे काका बरे होऊन कामावर आले, पण सपाटीवरच्या झाडांपुरतेच. तिथली पहिली फाइल तिने पहिल्या मिनिटापासून लावली.

“चालू झालं का हो ते?” काकूंचा आवाज.

“झालं. हळू बोल, पाखरं उडतील.”

“उडू देत. गोळी घेतली?”

“घेतली गं बाई.”

“खरं?”

गोळ्यांचं पाकीट चुरचुरलं. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरलं.

मांडीवर बाळ झोपलं होतं. तिने तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला.

हल्ली ती भेटेल त्याला विचारते, आणि तुम्हालाही विचारतेय: ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून हसणारं तुमचं माणूस कोण? आज त्याला एक फोन लावाल? आणि बोलणं संपलं की लगेच ठेवू नका हं. जरा श्वास ऐका.