पोपटी भिंत

रमजान ईदला बिडकीनच्या त्या गल्लीत घरोघरी भिंतींना रंग लागला, फक्त सगीराची भिंत तशीच राहिली. हिवतापाच्या फवारणीवर रंग दिला की औषधाचा असर जातो, असं फवारणीच्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून आणलेला पोपटी रंग तिनं खाटेखाली सारला. भिंतीवरचे पांढरे ओघळ बघून पाहुण्यांनी नाकं मुरडली, तेही तिनं सोसलं. तरी तिच्या पोरीला, तहरीमला, पुन्हा मलेरिया झालाच.

साहेब आले ते दारातूनच म्हणाले, "ईदला रंग दिला असेल. तुम्हा लोकांना कितीही सांगा."

"कुठं दिला, दाखवा," सगीरा म्हणाली. "त्याच भिंतीवर मच्छर झोपा काढायलेत."

साहेबांना ते झोंबलं. औषधाचा असर दाखवायला त्यांनी नरसाळ्यासारखं प्लास्टिकचं झाकण भिंतीला चिकटवून त्यात घरातलेच पकडलेले डास अर्धा तास सोडले, नंतर ते बाटलीत भरून तिथंच ठेवले. "उद्या एकही जिवंत दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाटली गुणगुणत होती. साहेबांनी ती कानाशी धरली आणि त्यांचा आवाज उतरला. "हे डास औषधाला सरावलेत. वर कळवतो. तोवर भिंतीला हात लावू नका."

सगीरानं खाटेखालचा डबा ओढला, कुंचा बुडवला आणि त्यांच्यादेखत पांढऱ्या ओघळांवरून पोपटी पट्टा ओढला.

"दुसरं औषध आणा, मी सोता रंग खरवडून देते," ती म्हणाली. "तोवर भिंत माझी हाय."