डी, डी आणि एम

विद्यापीठाच्या निवड यादीत चाळीस नावं होती आणि त्यात सिरिन्याचं नव्हतं. तिने ती फोनवर तीनदा वरखाली केली. सदतिसाव्या जागी बायतोंगचं नाव होतं. बायतोंग रायोंग गावातल्या तिच्याच शाळेतली, तिच्याच बाकावरची. दोन वर्षं सिरिन्याच्या वह्या बघून आपण कसेबसे तरलो, असं ती स्वतःच सगळ्यांना हसत सांगायची.

फोनही तिचाच पहिला आला. सिरिन्याला ती लाडाने फाय म्हणे. "फाय, काहीतरी घोळ आहे गं. मी आत आणि तू बाहेर? मला तर अजून पंपाची वायर कुठली कुठे लावायची ते कळत नाही."

"तुला काय मिळालं होतं शेवटी?"

"तिन्ही विषयांत पी. नुसतं पास. तू माझी गुणपत्रिका घेऊन जा आणि दाखव त्यांना."

"तुझीच जागा जायची अशाने."

"गेली तर गेली. फोटो पाठवतेय, थांब."

सिरिन्याला दोन विषयांत डी होतं आणि एकात एम. डी म्हणजे विशेष प्रावीण्य, एम म्हणजे चांगली गुणवत्ता. अभियांत्रिकीच्या त्या व्यावसायिक डिप्लोमाचं काम विलायतेहून तपासून येई. शाळेच्या नऊ वर्षांत दोन डी कुणाला मिळाले नव्हते. कोळंबीच्या तळ्यात हवा घालणारं चाक तिने उन्हाच्या विजेवर चालवून दाखवलं होतं, आणि चार महिने गुडघाभर चिखलात उभी राहून त्याची नोंदवही लिहिली होती.

तिचे वडील थावोन मासळीच्या शीतगृहात यंत्रं दुरुस्त करत. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर पोरगी परदेशी अभ्यासक्रमाच्या त्या शाळेत गेली, याचं त्यांना अजून नवल वाटे. ते म्हणाले, "वरच्या माणसांनी काहीतरी बघूनच ठरवलं असेल ना, पोरी."

"बघितलं असेल तर मला दाखवतील," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं पिकअप घेऊन बँकॉकला निघाले. वाटेत काडीला लावून भाजलेलं डुकराचं मांस आणि चिकट भात घेतला. तिने तो उघडलाही नाही.

विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत इतका गारठा होता की तिथल्या बाया स्वेटर घालून बसल्या होत्या. क्रमांक पुकारल्यावर ती खिडकीपाशी गेली. समोर कागदपत्रं तपासणाऱ्या पैलिनबाई होत्या. त्यांनी फाईल काढली आणि पेन्सिलचं टोक आकड्यांवर टेकवलं.

"हे बघ बाळ. डी, डी, एम. आमच्याकडे डी म्हणजे चारपैकी एक. एम म्हणजे परीक्षेला गैरहजर, म्हणजे शून्य. सरासरी शून्य पूर्णांक सदुसष्ट. यादीतला शेवटचा मुलगासुद्धा तीनच्या वर आहे. आता तूच सांग."

सिरिन्याला क्षणभर वाटलं, बाई चेष्टा करताहेत. बाई चेष्टा करत नव्हत्या.

"बाई, यातलं डी म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. आणि या अभ्यासक्रमाला शेवटची परीक्षाच नसते. मग मी गैरहजर कुठून राहणार?"

"परीक्षाच नसते?" पैलिनबाई शेजारणीकडे वळल्या. "ऐकलंस का? परीक्षाच नसते म्हणे!"

"मज्जा आहे बाई आजकालच्या पोरांची," शेजारीण म्हणाली.

"हातकामाची शाळा ना ही?" पैलिनबाईंनी विचारलं. "तसली पोरं आम्हाला ठाऊक आहेत. शाळाशाळांत भांडणं करायची, बस अडवायची आणि एकमेकांची डोकी फोडायची."

मागे उभ्या असलेल्या थावोननी मान खाली घातली. त्यांच्या नखांत वंगण होतं. सकाळी कितीही घासलं तरी ते जात नसे. सिरिन्याची कानशिलं तापली. तिने बायतोंगच्या गुणपत्रिकेचा फोटो काचेला लावला.

"आणि हे? हिला तीन पी आहेत. ही यादीत कशी?"

"पी म्हणजे पास. पासला आम्ही सरसकट सव्वातीन धरतो. पास ते पास."

"म्हणजे मी काम वाईट केलं असतं तर तुम्ही मला घेतलं असतं!"

"आवाज खाली कर. तसं कोण म्हणालं?"

"तुमचा हिशेब म्हणतोय. चौथं पान उघडा. श्रेणींचा अर्थ दिलाय त्यावर. शाळेतल्या अरुनीबाईंनी थाई भाषांतर करून दिलंय, आणि खाली 'खरी प्रत' म्हणून माझी सही आहे."

बाईंनी पानं चाळली. तिसरं पान आणि चौथं पान दोन्ही कोपऱ्यांत पिना मारून एकमेकांना चिकटवलेली होती. पिना कचेरीच्याच, जाड, निळसर. चौथं पान कुणी उघडलंच नव्हतं. पैलिनबाईंनी नखाने पिना उचकटल्या, वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मग त्या फाईल घेऊन आत गेल्या.

तासाभराने दोघांना उपअधिष्ठाता वोरावुत यांच्या खोलीत बोलावलं. साहेब गोड माणूस. त्यांनी पाणी मागवलं, थावोनना बसायला सांगितलं. थावोन खुर्चीच्या कडेवर टेकले.

"गैरसमज झाला होता," साहेब हसून म्हणाले. "तुझं काम उत्तम आहे. एका मुलाने माघार घेतलीय, त्याच्या जागी तुला घेता येईल. तुझ्या मैत्रिणीलाही आम्ही हात लावणार नाही. फक्त फाईलला कारण लागतं." त्यांनी छापलेला कागद पुढे सरकवला.

तिने वाचला. अर्जदाराने श्रेणींचा खुलासा वेळेत सादर केला नाही, त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे, आणि विद्यापीठाने दया दाखवून विचार करावा ही विनंती.

"सर, हे खोटं आहे."

"केवळ शब्द आहेत, बाळ."

"खुलासा दिला होता. तुमच्या पिनेने तो बंद केला. दिलगीर मी का व्हायचं? आणि दया कसली?"

साहेबांचं हसू तसंच राहिलं. "चार वाजता यादी कायमची बंद होते. चूक कचेरीची म्हटली की चौकशी आली, समिती आली. सहा महिने जातात. तोवर जागा राहत नाही. विचार कर."

"मी सही करणार नाही."

"पालकांचीही चालते," साहेब म्हणाले आणि पेन थावोनच्या बाजूला ठेवलं.

"बाबा, नाही हं!"

थावोननी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, साहेबांपुढे वाकले, मग पेन उचललं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

ती वडिलांच्या पुढे झपाझप पिकअपकडे गेली. दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

"का केलंत?"

"जागा मिळाली ना?"

"जागा माझी होतीच! माझी वस्तू मलाच भीक म्हणून वाढली, आणि तुम्ही ताट पुढे केलंत!"

"सव्वीस वर्षं वाकतोय मी," थावोन म्हणाले. "पाठ मोडली नाही अजून."

"मोडली असती तर बरं झालं असतं. निदान त्यांना दिसली असती."

हे बोलल्यावर तिलाच ते लागलं. पण तिने ते मागे घेतलं नाही. थावोननी गाडी सुरू केली. संध्याकाळी आईने विचारलं, "मिळाला का प्रवेश?" तेव्हा दोघं एकदमच "हो" म्हणाले आणि वेगवेगळ्या खोल्यांत गेले.

पुढच्या आठवड्यात नाव नोंदवायला जायचं होतं. त्याआधी दोन दिवस सिरिन्या टेबलाशी बसून एक पान लिहीत होती. नोंदवही लिहायची तसंच: कुठल्या तारखेला काय दिलं, कुणी काय म्हटलं, पिना कुठे होत्या. आमच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. दिलगिरीचा कागद मला मान्य नाही. माझ्या वडिलांनी त्यावर सही केली ती माझी जागा जाईल या भीतीपोटी, आणि ती भीती त्यांना कचेरीतच घातली गेली.

नोंदणी झाल्यावर ती सरळ आवक खिडकीशी गेली. तिथल्या माणसाने पान वाचलं आणि हातातला शिक्का तसाच धरून ठेवला.

"हे कुणासाठी?"

"माझ्या फाईलसाठी. दिलगिरीच्या कागदाला लागूनच लावा. आणि मला पोच हवी."

"मुली, अजून पहिला वर्गसुद्धा झाला नाही तुझा. साहेबांना आवडायचं नाही हे."

"मलाही आवडलं नव्हतं. शिक्का मारा."

मागच्या टेबलावरून पैलिनबाई बघत होत्या. त्या उठून आल्या, पान हातात घेतलं, पुरं वाचलं. सिरिन्याने भांडणाची तयारी ठेवली होती. बाई फक्त म्हणाल्या, "बस अडवणाऱ्या पोरांचंही लिहिलंयस."

"तुम्ही बोलला होतात."

"बोलले होते," बाई म्हणाल्या. आवक क्रमांक घालून शिक्का त्यांनीच मारला, जरा जोरातच. माफी मागितली नाही. सिरिन्यानेही आभार मानले नाहीत.

थावोन बाहेर झाडाखाली बसले होते, हातात नळी लावलेल्या पिशवीतली बर्फाची कॉफी. तिने पोच म्हणून मिळालेली शिक्क्याची प्रत त्यांच्या पुढे धरली. ते ओठ हलवत, हळू वाचत गेले. भीती या शब्दाशी बराच वेळ थांबले.

"एवढा शब्द काढला असतास तर चाललं असतं."

"नसतं चाललं, बाबा."

"मी घाबरलो नव्हतो. मी विचार केला."

"तसं असेल तर तुम्ही तुमचं वेगळं लिहा. मी खिडकी दाखवते."

थावोननी कागद घडी करून तिला परत दिला आणि उरलेली कॉफी संपवली. वसतिगृहाकडे तिची पेटी उचलून नेताना ते दोनदा थांबले, काहीतरी बोलायला. दोन्ही वेळा पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालू लागले. ती त्यांच्या मागून चालत होती. राग अजून गेला नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती.