ह्रुशोवचा सुतार

"उठा ना राव, तांबे! दुसऱ्या मजल्यावर आलेत ते."

मॅनेजर धनंजय सरांनी हे कुजबुजत सांगितलं. पण कुजबुजण्याची सवय नसल्यामुळे ते पँट्रीतल्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. प्रेमानंद तांबे खुर्चीतून अर्धवट उठला. समोर पडद्यावर ह्रुशोव नावाच्या वस्तीचा नकाशा उघडा होता आणि माउसचा बाण एका घराच्या कोपऱ्यावर अडकला होता.

"सर, हत्यारांच्या पेटीचं कुलूप उघडंना."

"तोडा! नाही, तोडू नका, आवाज होईल. खुदेजा, बघ गं जरा."

खुदेजा ही शेजारच्या खुर्चीवर बसून तांबेचं काम शिकणारी ओमानी मुलगी. तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली, एका झटक्यात पेटी उघडली आणि हातोडी त्याच्या हातात दिली.

"यल्ला, तांबे. और पहले पसीना पोंछो," ती म्हणाली. "नज्जार लोग एसी में ऐसा नहीं भीगता."

नज्जार म्हणजे सुतार. ओळखपत्रावर प्रेमानंद तांबे सुतार होता. मस्कतच्या कुरुममधल्या या ऑफिसात तो अकरा वर्षं कॉम्प्युटरवर नकाशे काढत होता, ही गोष्ट वेगळी. तो आला तेव्हा कंपनीकडे नकाशे काढणाऱ्यांचे व्हिसे संपले होते आणि सुताराचा एक शिल्लक होता. व्हिसा हा व्हिसा असतो, पुढे बदलून घेऊ, असं त्याला सांगण्यात आलं. ते 'पुढे' अजून यायचं होतं. दरम्यान बायको-मुलीला आणता यावं एवढा पगार झाला, आणि कागदोपत्री तो मस्कतमधला बहुधा सर्वांत सुखवस्तू सुतार ठरला.

तपासणीवाले आले की करायचा प्रयोगही ठरलेला होता. कोपऱ्यातल्या फायलींच्या लाकडी कपाटाचं दार तांबेने बिजागरीतून काढायचं आणि पाहुणे जाईपर्यंत बसवत राहायचं. त्या दाराने कधी कोणाचं वाईट केलं नव्हतं. पण वर्षाकाठी दोनदा निघून-बसून त्याचे स्क्रू इतके सैल झाले होते की आता त्याला खरोखरच सुताराची गरज होती.

एरवी तांबे घाबरत नसे असं नाही. घाबरतच असे, पण बेताने. यंदा, म्हणजे २०१८च्या जानेवारीत, बऱ्याच हुद्द्यांच्या नव्या व्हिसांवर सहा महिन्यांची बंदी आली होती आणि तपासणीही कडक झाली होती. चुकीच्या हुद्द्यावर सापडलेला माणूस विमानात बसणार आणि त्याच्या मागोमाग बायको-मुलगी. मुलगी यशश्री वादी कबीरच्या शाळेत बारावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. सकाळी दार्सैतच्या घरातून निघताना बूट घालता घालता ती म्हणाली होती, "पप्पा, प्लीज हां. मार्चपर्यंत तुमचं ते... कायपण नको होऊ दे." बारावीच्या मुलीने बापाला असं बजावावं, आणि बापाने "नाय होणार" एवढंच म्हणावं, यात कोणाचं काय चुकलं ते त्याच्या बायकोला, अनुसयेलाही ठरवता आलं नव्हतं. तिने दोघांचे डबे भरले.

दार निघालं. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला, की ते आता तिथे आहेत.

"आणि तो कोतास पण आजच तडमडतोय," धनंजय सर घड्याळ बघत म्हणाले. "बायकोला घेऊन ओमान बघायला आलाय. म्हणे, आमचे नकाशे करणाऱ्या मिस्टर तांबेंना भेटायचंय. मी काय सांगू त्याला? ते बघा, कपाटात आहेत?"

कोतास म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या त्या कंपनीतला म्हातारा सर्वेयर, ज्या कंपनीसाठी तांबे एका शहराचे नकाशे करायचा. शहराचं नाव ओस्त्रावा. शहराचा मधला भाग दुसऱ्या कोणीतरी केला होता. तांबेच्या वाट्याला आले होते कडेचे भाग. काम सोपं होतं. खाली जुना नकाशा, वर विमानातून काढलेला नवा फोटो. नकाशात घर आहे आणि फोटोत नाही, तर घर पुसायचं. फोटोत आहे आणि नकाशात नाही, तर काढायचं. पोरुबा नावाच्या भागात काढायचं काम जास्त होतं. खाली कोळसा नसलेली जमीन बघून पन्नासच्या दशकात तिथे अख्खी वसाहत उठवली होती, कारण बाकीच्या शहराच्या पोटातून इतका कोळसा काढला होता की वरची घरं कलायला लागली होती. वित्कोवित्सेला लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्या विझल्या होत्या. एमा नावाचा एक डोंगर होता, तो डोंगरच नव्हे, खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा ढीग. तो आतून अजून जळत होता आणि त्यातून धूर निघत होता. हे सगळं तांबेला कोणी शिकवलं नव्हतं. दिवसभर एखाद्या जागेकडे वरून बघत बसलं की माणूस चौकशी करायला लागतो.

ह्रुशोवात मात्र फक्त पुसायचं काम होतं. दोन नद्या मिळतात तिथली ही वस्ती. सोड्याचा कारखाना, कोळशाची खाण, शाळा, ट्राम असं सगळं होतं. खालून खाण पोखरत गेली, वरून जमीन खचत गेली, आणि १९९७च्या जुलैत नद्यांचं पाणी शिरलं ते निघेना. मग लोकांना सांगितलं, परत येऊ नका. घरं वर्षानुवर्षं रिकामी उभी राहिली, मग पाडली. तांबेला हे समजायला जड गेलं नाही. त्याची बौद्धवाडी खेड तालुक्यात, गाव संपल्यावर, नदीच्या अंगाला. गावाच्या नकाशात गाव दाखवलेलं आहे.

दरवाजा उघडला. तपासणीवाला एकटाच होता, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशामधला, चाळिशीचा, शांत. शांत माणसाची तांबेला जास्त भीती वाटली. त्याच्या मागोमाग, त्याच लिफ्टमधून आलेला, उन्हाने लाल झालेला एक उंच म्हातारा आत आला आणि कोणालाही न विचारता म्हणाला,

"मिस्टर तांबे?"

ऑफिसातल्या एसीचा आवाज अचानक मोठा झाला. धनंजय सर पुढे झाले. हा माणूस एरवी एक ईमेल लिहायला सकाळ घालवायचा.

"मिस्टर कोतास! वेलकम! सो सॉरी, मिस्टर तांबे रजेवर आहेत. गावी."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तपासणीवाल्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

"तुम?"

"नज्जार," तांबे म्हणाला. घसा इतका सुकला होता की तो शब्द अस्सल अरबी निघाला.

"कार्ड." त्याने कार्ड वाचलं. मग म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कार्डाकडे. "ये भी तांबे?"

"चचेरा भाई, सर," धनंजय सर म्हणाले. "हमारे उधर बहुत तांबे हैं. पूरा गाँव तांबे."

"एक कबीला?"

"बिलकुल, सर. कबीला." मग कोतासकडे वळून त्यांनी इंग्रजीतही सांगितलं, "कझिन."

धनंजय सर पुण्याचे. त्यांनी कोकणात आजवर फक्त मासे खाल्ले होते. पण तपासणीवाल्याने मान हलवली. त्याच्याही आडनावाची हजारेक माणसं असावीत. कार्ड मात्र त्याने परत दिलं नाही.

"हाथ दिखाओ."

तांबेने हात पुढे केला. मनगटाच्या खाली, जिथे माउस फिरवताना हात टेबलावर घासतो, तिथे एक कडक घट्टा होता. तपासणीवाल्याने त्यावर अंगठा दाबला.

"ये क्या?"

"रंदा, सर. लकडी छीलने का."

"रंदा इधर लगता है?"

"अपना-अपना तरीका, सर."

अंगठा तिथेच होता. आपली नाडी त्याला लागत असणार, हे तांबेच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याने ती आणखी धावायला लागली. त्याला वादी कबीरची शाळा दिसत होती, पिवळी बस दिसत होती. मग अंगठा निघाला.

"और ये काम कौन करता?" त्याने पडद्याकडे बोट केलं.

"मी," खुदेजा अरबीतून म्हणाली आणि तांबेच्या खुर्चीत जाऊन बसली.

तपासणीवाल्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्या दोघांचं भराभर अरबी सुरू झालं. धनंजय सर हसत उभे राहिले. शेवटी तपासणीवाला त्यांना म्हणाला, ओमानी मुलगी युरोपचे नकाशे करते, माशाल्ला, पुढच्या आठवड्यात फोटोवाला घेऊन येतो. "आणि हीच खुर्ची, हं. ही इथेच बसलेली दिसली पाहिजे."

"इथेच बसेल, सर. नेहमीच बसते."

तांबेने एक स्क्रू घातला. आपली खुर्ची गेली, हे त्याला कळलं. मुलीची परीक्षा वाचली. एवढ्या स्वस्तात सुटका झाल्याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याने दुसरा स्क्रू उचलला.

कोतास खुदेजाच्या खांद्यामागे जाऊन उभा होता.

"ह्रुशोव," तो जपून इंग्रजीत म्हणाला. "माझं घर. पाडलं, ते मला ठाऊक आहे. पण जुन्या नकाशात असेल ना? शाळेच्या मागे, रस्ता वळतो तिथे. एकदा बघून जातो."

खुदेजाने माउस हलवला. पडद्यावर ओस्त्रावा झपकन लहान झालं, मग मोठं झालं, आणि भलतीच नदी आली. ती नव्याने शिकत होती; तिचा दोष नव्हता. तिने एकदा कपाटाकडे पाहिलं. तांबे दाराच्या आड होता.

"सापडत नाही," ती म्हणाली. "सॉरी."

"असू दे," कोतास म्हणाला. त्याने हात मागे बांधले.

तपासणीवाला निघाला. दारापाशी थांबला. कार्ड अजून त्याच्या बोटांत होतं.

"नज्जार. नीचे बिल्डिंग का दरवाजा अटकता है. चलो, ठीक करो. मैं देखता."

धनंजय सरांनी तांबेकडे असं पाहिलं, जसं स्मशानात तिरडीवरच्या माणसाकडे बघतात.

लिफ्टमध्ये तिघं होते. तपासणीवाला, कोतास आणि हातात पेटी घेतलेला तांबे. हे दार जमलं नाही तर? कपाट वेगळं, काचेचं लाकडी चौकटीचं दार वेगळं. तो आकडे मोजत होता, मजल्यांचे.

खाली दार खरंच घासत होतं. तांबे गुडघ्यावर बसला. खालची बिजागरी सैल होती. इतकी वर्षं नाटक केल्यावर बिजागरीबाबत तरी त्याला थोडंफार खरंच यायला लागलं होतं. दाराखाली त्याने लाकडाची पाचर सारली आणि पेचकसाने स्क्रू पिळायला सुरुवात केली. तपासणीवाला चार पावलांवर उभा राहून फोनवर बोलू लागला. कोतास टॅक्सीची वाट बघत तांबेच्या डोक्यावर सावलीसारखा उभा राहिला.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

"चुलत, सर."

"मग त्यांना सांगाल? काम सुंदर आहे. लोक अशी घरं पुसताना घाई करतात. त्यांनी एकेक केलंय." तो जरा थांबला. "आमचं वळणावरचं होतं. पाणी खिडकीपर्यंत आलं तेव्हा आई माळ्यावर होती. मग आम्हाला पोरुबात फ्लॅट दिला. चांगला आहे. जमीन हलत नाही. पण मला झोप लागत नसे. घराच्या मागे एक शेड होती, तिथे मी..."

"दोन," तांबे म्हणाला.

ते कसं निघालं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पेचकस घसरला. चार पावलांवरचा फोनवरचा आवाज थांबला.

कोतास खाली बघत होता. "दोन," तो सावकाश म्हणाला. "हो. दुसरी कबुतरांची होती. लहान. ती नकाशात पण..."

"भाऊ सांगायचा, सर," तांबे घाईने म्हणाला. त्याने पेचकस पुन्हा स्क्रूला लावला आणि उलटा पिळला. "घरी आला की सगळं सांगायचा. फार बोलतो तो."

कोतासने तांबेचे हात पाहिले. पेटी पाहिली. मग मान वळवून पांढऱ्या कपड्यांतल्या त्या शांत माणसाकडे आणि त्याच्या बोटांतल्या कार्डाकडे पाहिलं. या म्हाताऱ्याचं सगळं तरुणपण सरकारी माणूस जवळ उभा असताना काय बोलायचं नाही, हे शिकण्यात गेलं होतं. त्याला जास्त वेळ लागला नाही.

"फार बोलणारे भाऊ असतात," तो म्हणाला. मग एकदम मोठ्याने, तपासणीवाल्याला ऐकू जाईल असं, "फार छान! पाहिलंत? आता दार अगदी छान लागतंय. उत्तम सुतार आहे हा!"

आणि त्याने दार उघडून, लावून, पुन्हा उघडून दाखवलं. ते घासलं नाही.

तपासणीवाल्याने येऊन स्वतः एकदा ढकललं. मान हलवली. कार्ड तांबेच्या पेटीवर ठेवलं आणि उन्हात रस्त्यापलीकडे उभ्या आपल्या पांढऱ्या गाडीकडे गेला.

टॅक्सी आली. कोतासने वाकून आवाज खाली आणला.

"मिस्टर तांबे परत कधी येणार?"

"नाय येणार, सर," तांबे म्हणाला. "आता गावालाच राहणार म्हणालेत."

कोतासने बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो टॅक्सीत बसला.

तांबे पुन्हा गुडघ्यावर बसला. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता. तरी तो पिळत राहिला, कारण रस्त्यापलीकडे ती पांढरी गाडी अजून सुरू झाली नव्हती.